मोठ्या फाइल कॉपी होताना पीसी का अडतो, आणि तो चालता कसा ठेवायचा

उदगीरकडच्या एका स्टुडिओवाल्या दादांचा प्रश्न आहे, तो आधी थोडक्यात मांडतो. लग्नसराईत रात्री दोन-तीन कार्डं भरून येतात, प्रत्येक १२८ जीबीचं. ती कॉपीला लावली की पीसी हलायला तयार नसतो. माउस अडखळतो, फोल्डर उघडायला मिनिट लागतं, फोटोशॉप 'नॉट रिस्पॉन्डिंग' दाखवतं आणि पासपोर्ट फोटोसाठी आलेलं गिऱ्हाईक ताटकळत उभं राहतं. पीसी असेंबल केलेला आहे: आय-५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, विंडोज १०, विंडोजपुरती छोटी एसएसडी, बाकी सगळं २ टीबीच्या हार्ड डिस्कवर, आणि बॅकअपला यूएसबीच्या पोर्टेबल डिस्क. घरच्या जुन्या पीसीवर मुलानं लिनक्स मिंट टाकलंय, तिथंही पेनड्राइव्हवर मोठी फाइल टाकली की तीच गत. दुकानदार म्हणतो, रॅम ३२ जीबी करा. करावी का?

दादा, या त्रासासाठी रॅम घेऊ नका. एडिटिंगला ३२ जीबीचा फायदा होतो, तो वेगळा विषय. पण कॉपीच्या वेळी पीसी अडतो तो रॅम कमी म्हणून नाही. तो अडतो कारण तुमचं छोटं काम आणि कॉपीचं मोठं काम एकाच रांगेत उभं असतं. सोयाबीनच्या सुगीत लातूरच्या मोंढ्यात ट्रॉल्यांची रांग लागली की एकच पोतं घेऊन आलेल्या माणसालाही त्या सगळ्या ट्रॉल्या पुढं सरकेपर्यंत थांबावं लागतं, तसंच डिस्कपुढं होतं. काटा कितीही चांगला असो, रांग लांब असेल तर छोट्या माणसाचा दिवस जातो. म्हणून उपाय दोनच दिशांनी असतात: रांग छोटी ठेवा, नाहीतर छोट्या कामाला वेगळा रस्ता द्या. पुढं जे सांगतोय ते सगळं याच दोन गोष्टींसाठी आहे.

आकड्यांत बघा. ७२०० आरपीएमच्या हार्ड डिस्कची तबकडी एक फेरा पूर्ण करायला ८.३ मिलिसेकंद घेते. हवा तो तुकडा हेडखाली (वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाखाली) यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चारेक मिलिसेकंद, आणि हेड योग्य पट्ट्यावर न्यायला आठ-नऊ. एका सुट्या तुकड्याला बारा-तेरा मिलिसेकंद गेले. म्हणजे इकडून तिकडून तुकडे वाचायचे असतील तर ही डिस्क सेकंदाला पाऊणशे-ऐंशी तुकडेच देऊ शकते. तीच डिस्क सलग वाचली किंवा लिहिली तर सेकंदाला दीडशे एमबीच्या पुढं जाते. कॉपी सलग चालते, म्हणून जोरात दिसते. फोटोशॉपला फॉन्ट, अल्बमची टेम्प्लेट, स्क्रॅच (कामापुरती तात्पुरती) फाइल असे शेकडो सुटे तुकडे हवे असतात, आणि तुमच्याकडं हे सगळं त्याच डी ड्राइव्हवर आहे जिथं फुटेज उतरतंय. प्रत्येक सुट्या तुकड्यासाठी हेडला कॉपी सोडून पळावं लागतं आणि परत यावं लागतं. मग कॉपीही मंदावते आणि फोटोशॉपही. एक्सप्लोररनं त्या डिस्कला काही विचारलं की उत्तर येईपर्यंत तोही गप्प. प्रोसेसर या वेळी जवळपास रिकामा असतो, त्यामुळं प्रोसेसर बदलूनही काही होणार नाही.

हे खरं आहे का ते स्वतः तपासा. अंदाजावर पैसे खर्च करू नका. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये डिस्कवर या. 'ॲक्टिव्ह टाइम' १०० टक्के दिसेल, पण तो आकडा एकटा फसवा असतो, कारण डिस्क कामात आहे एवढंच तो सांगतो. त्याच्या शेजारचा 'ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम' बघा. हार्ड डिस्कवर १०-२० मिलिसेकंद असेल तर ठीक, पन्नासच्या पुढं गेला की हाताला जड लागायला लागतं, आणि तो पाचशे-हजारात गेला की पीसी हँग झालाय असंच वाटतं. रिसोर्स मॉनिटरच्या डिस्क टॅबमध्ये कोणता प्रोग्राम कोणत्या फाइलला हात लावतोय आणि त्याला किती वेळ थांबावं लागतंय हेही दिसतं. कॉपीच्या वेळी तो टॅब एकदा नीट वाचा. बहुतेक वेळा तिथं एखादा न बोलावलेला पाहुणा सापडतो. त्यांच्याबद्दल खाली लिहितो.

माउसचं मात्र वेगळं प्रकरण असू शकतं, म्हणून ते आधी उरकतो. खिडकी उघडत नाही आणि पॉइंटर नीट फिरतोय, तर तो डिस्कचा प्रश्न. पण पॉइंटरच उड्या मारत असेल आणि माउस वायरलेस असेल, तर डिस्ककडं बघूच नका. यूएसबी ३ ची केबल आणि पोर्ट चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट करतात, आणि वायरलेस माउसही त्याच पट्ट्यात बोलतो. इंटेलनं २०१२ साली यावर सविस्तर टिपणच प्रसिद्ध केलं होतं. तुमच्या माउसचं छोटं रिसीव्हर पोर्टेबल डिस्कच्या शेजारच्या पोर्टात खोचलेलं असेल तर कॉपी सुरू होताच माउस अडखळणारच. रिसीव्हर एका हातभर एक्स्टेन्शन केबलनं टेबलावर आणा, नाहीतर दूरच्या यूएसबी २ च्या पोर्टात लावा. अनेक लोक एवढ्यासाठी विंडोज फॉरमॅट करून बसतात.

आता मूळ कामाकडं. सगळ्यात मोठा फरक पडतो तो रस्ते वेगळे केल्यानं. फुटेज ज्या डिस्कवर उतरतंय त्या डिस्कवर त्या वेळी दुसरं काही उघडायचं नाही, हा नियम पाळता आला की अर्धा त्रास संपला. तुमच्याकडं आज सगळं डी वर आहे. ३२ जीबी रॅमसाठी जे पैसे काढून ठेवलेत त्यातून ५०० जीबी किंवा १ टीबीची साधी साटा एसएसडी घ्या आणि चालू काम तिच्यावर न्या: अल्बमची टेम्प्लेट, फॉन्ट, फोटोशॉपची स्क्रॅच डिस्क, एडियस या व्हिडिओ एडिटिंग प्रोग्रामचा चालू प्रोजेक्ट. मग डी ला फक्त उतरलेलं फुटेज आणि जुनी कामं राहतील. रात्री कार्ड डी वर उतरत असताना गिऱ्हाइकाचा पासपोर्ट फोटो एसएसडीवर निघेल आणि दोघांना एकमेकांचा पत्ताही लागणार नाही. विंडोजच्या छोट्या एसएसडीवर फुटेज उतरवू नका. ती भरत आली की मंदावते, आणि विंडोजही तिच्यावरच असल्यानं मग सगळंच अडकतं. तिच्यात पंधरा-वीस टक्के जागा नेहमी मोकळी ठेवा.

एसएसडी घेताना एक सांगतो, कारण स्वस्तातल्या एसएसडीचा अनुभव घेऊन लोक म्हणतात की एसएसडीनंही काही होत नाही. स्वस्त एसएसडीत, विशेषतः क्यूएलसी (एका कप्प्यात जास्त डेटा दाबून बसवणाऱ्या) प्रकारच्या, थोडा भाग वेगवान कॅश म्हणून वापरला जातो. पहिले काही जीबी त्यात पटापट जातात. तो भरला की लिहिण्याचा वेग कोसळतो, कधीकधी हार्ड डिस्कच्याही खाली. शंभर जीबीचं फुटेज सलग ओतलं की हे हमखास दिसतं. म्हणून फुटेज उतरवायला हार्ड डिस्कच बरी, आणि एसएसडी चालू कामाला. मदरबोर्डवर थेट बसणारी वेगवान एसएसडी, म्हणजे एम-२ ची एनव्हीएमई, असेल तर उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट. आपल्याकडं मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४२ च्या पुढं जातो, दुकानावर पत्रा असेल तर आत आणखी. सलग लिहिताना ही एसएसडी तापते आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करते. तिच्यावर हीटसिंक बसवा आणि कॅबिनेटच्या पंख्यातली धूळ महिन्याला झटका. आपल्या भागातल्या धुळीनं पंखे किती लवकर भरतात हे तुम्हाला सांगायला नको.

पोर्टेबल डिस्कचंही असंच. अडीच इंची बऱ्याच पोर्टेबल डिस्क आता एसएमआर पद्धतीच्या असतात. त्यात पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिलेले असतात, त्यामुळं जुन्या जागी परत लिहायचं तर शेजारचे पट्टेही पुन्हा लिहावे लागतात. रिकाम्या डिस्कवर सुरुवातीला वेग छान येतो. भरलेल्या, खोडून परत वापरलेल्या डिस्कवर पन्नास-साठ जीबीनंतर तो दहा-वीस एमबीवर येऊन बसतो, आणि मध्येच काही सेकंद शून्य दाखवतो. ती डिस्क खराब झालेली नसते, ती आतली आवराआवर करत असते. अशा डिस्क बॅकअपला चालतात, घाईच्या कामाला नाही. त्यांच्यावरून थेट एडिटिंग तर मुळीच करू नका.

पोर्ट तपासा. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचे पोर्ट बऱ्याचदा यूएसबी २ चे असतात, किंवा निळे असूनही आतली केबल मदरबोर्डच्या यूएसबी २ च्या पिनांना लावलेली असते. यूएसबी २ वर प्रत्यक्षात सेकंदाला ३५-४० एमबीच मिळतात, म्हणजे १२८ जीबीच्या कार्डाला जवळपास एक तास. तेच कार्ड चांगल्या यूएसबी ३ च्या रीडरनं मागच्या पोर्टातून ९० च्या वेगानं पंचवीस मिनिटांच्या आत उतरतं. पीसी अडून राहण्याचा वेळच निम्म्याहून कमी झाला. चांगला कार्ड रीडर हा स्टुडिओतला सगळ्यात स्वस्त सुधार आहे, आणि तरीही तो शेवटी घेतला जातो.

सवयी. तीन कार्डं तीन खिडक्यांत एकदम कॉपीला लावता ना? ते बंद करा. एका हार्ड डिस्कवर तीन कॉपी एकदम चालल्या की हेड तिघांमध्ये पळत राहतं आणि तिन्हींचा मिळून वेळ एकामागून एक लावण्यापेक्षा जास्त जातो. विंडोज ८ पासून कॉपीच्या खिडकीत थांबवायचं बटण आहे. दुसरी-तिसरी थांबवून ठेवा, पहिली झाली की पुढची सोडा. डी मधून डी मध्येच मोठं फोल्डर कॉपी करणं तर सगळ्यात वाईट, कारण वाचणं आणि लिहिणं दोन्ही एकाच हेडवर येतं. तिथं नुसतं 'मूव्ह' करा, त्याच ड्राइव्हवर मूव्ह करताना आतला डेटा हलतच नाही, फक्त नोंद बदलते. आणि कार्डावरून मात्र कधीही कट-पेस्ट करू नका. नेहमी कॉपी, मग दोन ठिकाणी उतरल्याची खात्री, मगच कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट. लग्न परत लागत नाही.

न बोलावलेले पाहुणे कोण ते सांगतो. पहिला अँटीव्हायरस. प्रत्येक फाइल लिहिताना-वाचताना तो तपासतो. फुटेज उतरतं ते एक फोल्डर विंडोज डिफेंडरमधून वगळता येतं आणि त्यानं फरक पडतो. पण नीट ऐका: फक्त तेच फोल्डर, आणि त्यात फक्त स्वतःच्या कॅमेऱ्याचं कार्ड. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह कधीही वगळू नका. आपल्या झेरॉक्स सेंटरांतून आणि सायबर कॅफेंतून फिरून आलेल्या पेनड्राइव्हवर शॉर्टकट व्हायरस किती असतात हे रोज दिसतं. दुसरा पाहुणा विंडोज सर्चचं इंडेक्सिंग. फुटेजच्या ड्राइव्हसाठी ते बंद करा, एमपी-४ च्या आत शोधायचं काही नसतं. तिसरा तुम्ही स्वतः: कॉपी चालू असताना तेच फोल्डर मोठ्या आयकॉनमध्ये उघडलं की विंडोज प्रत्येक व्हिडिओचं चित्र काढायला बसतं. 'डिटेल्स' व्ह्यू ठेवा. चौथा वनड्राइव्ह. नव्या विंडोजवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स बऱ्याचदा त्याच्या ताब्यात असतात. घाईत फुटेज डेस्कटॉपवर टाकलं की ते शंभर जीबी इंटरनेटवर चढवायला घेतं. मग डिस्कही अडते आणि दुकानाचं नेटही. फुटेज डेस्कटॉपवर टाकायचंच नाही.

एवढं करूनही कमी पडलं तर विंडोजमध्येच असलेली रोबोकॉपी नावाची कमांड शिका. तिला स्लॅश-जे हा पर्याय दिला की ती मोठ्या फाइल विंडोजच्या कॅशला वळसा घालून कॉपी करते. एरवी शंभर जीबीचं फुटेज रॅममधल्या कॅशमधून जातं आणि तुमच्या फोटोशॉपनं तिथं ठेवलेल्या गोष्टी बाहेर ढकलतं. कॉपी संपल्यावरही थोडा वेळ पीसी सुस्त वाटतो तो त्यामुळं. दुसरा पर्याय स्लॅश-आयपीजी: प्रत्येक तुकड्यानंतर तुम्ही दिलेल्या आकड्याइतके मिलिसेकंद थांबायला तो सांगतो. हा मूळचा संथ नेटवर्कसाठी आहे, पण दुकानात दिवसा बॅकअप चालवायला उपयोगी पडतो. स्लॅश-एमटी, म्हणजे अनेक धाग्यांनी एकदम कॉपी, हे सगळीकडं 'वेग वाढवा' म्हणून सांगितलं जातं. हार्ड डिस्कवर मोठ्या व्हिडिओंसाठी ते देऊ नका, वर सांगितलेल्या तीन खिडक्यांसारखीच अवस्था होते. शिवाय ते आणि आयपीजी एकत्र चालत नाहीत.

अजून एक गोष्ट थोड्याच लोकांना माहीत असते. टास्क मॅनेजरमध्ये जाऊन कॉपीच्या प्रोग्रामची प्रायॉरिटी 'लो' केली तर ती प्रोसेसरसाठी कमी होते, डिस्कच्या रांगेत त्याची जागा तीच राहते. म्हणून लोक म्हणतात, लो करूनही काही झालं नाही. पण तीच रोबोकॉपी विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून चालवली तर शेड्युलर आपोआप तिला डिस्कसाठीही खालची प्रायॉरिटी देतो. मग तुमच्या हातातलं काम आधी होतं आणि बॅकअप मधल्या मोकळ्या वेळात सरकतो. डी वरून पोर्टेबल डिस्कवर रोजचा बॅकअप असाच लावा: दुपारी जेवणाच्या वेळी, किंवा दुकान बंद करताना. त्याला थोडा जास्त वेळ लागेल. लागू द्या. बॅकअप चाळीस मिनिटांत झाला काय आणि सत्तर मिनिटांत झाला काय, समोरच्या गिऱ्हाइकाला त्यानं फरक पडत नाही.

लाइटचा विषय इथं येतो. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून यूएसबी डिस्कसाठी 'क्विक रिमूव्हल' ही पद्धत आपोआप लागलेली असते. तिच्यात विंडोज लिहिणं मागं साठवून ठेवत नाही. काही लोक वेगासाठी ती बदलून 'बेटर परफॉर्मन्स' करायला सांगतात. आपल्याकडं लाइट कधी जाईल ते सांगता येत नाही, तेव्हा ते बदलू नका. साठवलेलं लिहायच्या आत लाइट गेली तर फाइल अर्धवट राहते, कधी डिस्कची नोंदवहीच बिघडते. पीसीला यूपीएस असेल तर त्याची बॅटरी खरंच किती वेळ देते ते सुट्टीच्या दिवशी प्लग काढून बघा, आणि बाहेरून वीज घेणारी साडेतीन इंची डिस्क असेल तर तिचाही अडॅप्टर यूपीएसवरच लावा. पीसी चालू आणि डिस्क बंद, हे जास्त घातक.

आता मुलाच्या लिनक्स मिंटबद्दल. तिथं हा प्रश्न आणखी स्पष्ट दिसतो, आणि रॅम वाढवल्यानं तो वाढतो कसा हेही तिथंच कळतं.

लिनक्समध्ये फाइल कॉपी केली की ती आधी रॅममध्ये जाते. अजून डिस्कवर न गेलेल्या या डेटाला डर्टी म्हणतात. मूळ सेटिंग असं की उपलब्ध रॅमच्या १० टक्के डर्टी झालं की मागच्या मागं लिहायला सुरुवात, आणि २० टक्के झालं की लिहिणाऱ्या प्रोग्रामला थांबवायचं. समजा १६ जीबीतली १२ जीबी मोकळी आहे. वीस टक्के म्हणजे सव्वादोन-अडीच जीबी. साधा पेनड्राइव्ह सेकंदाला १० एमबीनं लिहितो. म्हणजे चार मिनिटांचं काम रॅममध्ये तुंबलं. कॉपीची पट्टी पूर्ण झालेली दिसते, आणि 'इजेक्ट' केलं की चार मिनिटं फिरत बसतं. या काळात दुसऱ्या प्रोग्रामनं काही जतन करायला घेतलं तर तोही या तुंबाऱ्यात सापडू शकतो. आता रॅम ३२ जीबी करा. मोकळी २८ धरली तर वीस टक्के साडेपाच जीबीच्या वर, आणि तुंबारा नऊ मिनिटांचा. डिस्क तीच, रांग दुप्पट. हे टक्के ठरले तेव्हा पीसीत रॅमच थोडी असायची, तेव्हा ते बरोबर होते.

उपाय सोपा आहे. टक्क्यांऐवजी ठरावीक आकडा द्यायचा. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, सेटिंगमध्ये 'डर्टी बॅकग्राउंड बाइट्स' ला १३४२१७७२८, म्हणजे १२८ एमबी, आणि 'डर्टी बाइट्स' ला २६८४३५४५६, म्हणजे २५६ एमबी. हे आकडे दिले की टक्क्यांचं सेटिंग आपोआप रद्द होतं. सिससीटीएलच्या (sysctl) सेटिंगच्या फोल्डरात एक छोटी फाइल करून ठेवली की पीसी परत चालू केल्यावरही टिकतं. मुलाला सांगा, दहा मिनिटांचं काम आहे. यानंतर कॉपीची पट्टी हळू सरकताना दिसेल. वेग कमी झालेला नाही, पट्टी आता खरं सांगायला लागली आहे.

जुन्या पीसीत हार्ड डिस्क असेल तर तिचा आय-ओ शेड्युलर, म्हणजे डिस्कपुढची रांग लावणारा भाग, बीएफक्यू करून बघा. इटलीतल्या मोदेना विद्यापीठातले पावलो व्हॅलेंते यांनी बरीच वर्षं त्यावर काम केलं आणि २०१७ साली कर्नलच्या ४.१२ आवृत्तीत तो आला. मोठी कॉपी चालू असतानाही नुकत्याच उघडलेल्या प्रोग्रामला आधी वाट द्यायची, हाच त्याचा हेतू. हार्ड डिस्कवर फरक डोळ्यांना दिसतो. वेगवान एनव्हीएमईवर शेड्युलर 'नन' च (म्हणजे कुठलाच नाही) राहू द्या, तिथं त्याची गरज नाही.

कॉपीच्या आधी 'आयोनाइस' ही डिस्कची प्रायॉरिटी कमी करणारी कमांड लावा, हा जुना सल्ला सगळीकडं वाचायला मिळतो. तो पूर्ण कामाचा का नाही ते समजून घ्या. शेड्युलर 'नन' असेल तर आयोनाइसचा काही परिणाम होत नाही. आणि लिहिण्याचं काम वर सांगितल्याप्रमाणं आधी रॅममध्ये जातं आणि नंतर कर्नलचा स्वतःचा धागा ते डिस्कवर लिहितो. त्या धाग्याला तुमच्या कॉपीची प्रायॉरिटी लागत नाही. आयोनाइस वाचण्याला लागू पडतं, साध्या लिहिण्याला नाही. त्यापेक्षा आरसिंक या कॉपीच्या कमांडनं कॉपी करा आणि तिच्या 'बीडब्ल्यूलिमिट' पर्यायामध्ये वेग बांधून द्या. डिस्क सेकंदाला १०० एमबीनं चालत असेल तर ६० वर बांधा. रांग तयारच होत नाही, कारण डिस्कला मध्ये मध्ये श्वास मिळतो. आरसिंकचा आणखी फायदा, मध्येच लाइट गेली तर परत तीच कमांड दिली की पूर्ण झालेल्या फाइल सोडून ती पुढं जाते.

पेनड्राइव्ह एनटीएफएस फॉरमॅटमध्ये असेल तर लिनक्सवर जुन्या प्रोसेसरला तो जड जातो, आणि फॅट-३२ मध्ये ४ जीबीच्या वरची फाइल मावतच नाही. दोन्हीकडं चालायला एक्सफॅट ठेवा.

नेटवर्कबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण स्टुडिओत दोन पीसी असले की आज ना उद्या त्यांच्यात केबल पडते. गिगाबिटच्या केबलवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळायला हवेत. ११ एमबीवरच अडकत असेल तर लिंक १०० एमबीपीएसवर पडली आहे. बहुतेक वेळा टोकाच्या आठ तारांपैकी एखादी नीट बसलेली नसते. केबलच्या टोकाचा आरजे-४५ जॅक पुन्हा पंच करून घ्या. आणि लग्नाची फिल्म इंटरनेटवर चढवताना दुकानातल्या सगळ्यांचं नेट मरतं, व्हॉट्सॲप कॉल तुटतो, त्याचंही मूळ रांगच. या वेळी ती राउटरच्या आत साठते. २०१२ साली कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी यावर कोडेल नावाची पद्धत मांडली आणि चांगल्या राउटरांत ती 'एसक्यूएम' नावानं मिळते. राउटरमध्ये ती नसेल तर अपलोड करणाऱ्या प्रोग्राममध्येच वेग तुमच्या खऱ्या अपलोड वेगाच्या ८० टक्क्यांवर बांधा. कॉल लगेच सुधारतात.

राहिली एक शक्यता, आणि ती तुमच्या बाबतीत मी आधी तपासली असती, कारण ती निघाली तर वरचं सगळं थांबवून आधी डेटा वाचवावा लागतो. डिस्क मरायला आली असेल तर तीही अशीच अडते. एक खराब सेक्टर (डिस्कवरचा छोटा कप्पा) वाचायला ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, आणि तेवढे सेकंद विंडोज तिच्यापुढं उभं राहतं. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम टाकून डी आणि पोर्टेबल डिस्क दोन्हींची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद, बघा. क्रमांक ५, म्हणजे बदललेले सेक्टर, आणि १९७, म्हणजे संशयित सेक्टर, हे दोन्ही शून्य हवेत. १९७ शून्याच्या वर असेल तर आजच सगळं फुटेज दुसऱ्या डिस्कवर घ्या, तिच्यावर नवं काही लिहू नका. हा प्रोग्राम आकडे सोळाच्या (हेक्साडेसिमल) पद्धतीत दाखवतो, त्यात १९७ म्हणजे सी-५ आणि केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुकांचा १९९ म्हणजे सी-७. हा १९९ वाढत असेल तर बहुतेक वेळा डिस्क नाही, साटाची केबल खराब असते, ती बदला. केबल बदलली तरी जुना आकडा तसाच राहतो, तेव्हा आजचा आकडा वहीत लिहून ठेवा आणि आठवड्यानं तो पुढं सरकलाय का तेवढं बघा.